भोंगा, कँटीन आणि ताट: पिंपरी-चिंचवडच्या कामगाराचा आहार कोणी ठरवला?

१/
वेळेवर जेवावे. ताजे अन्न खावे. ताटात पालेभाजी, डाळ, दूध-ताक असावे. एकाच धान्यावर विसंबू नये. आरोग्याचा हा उपदेश आज सर्वत्र ऐकू येतो आणि तो चुकीचा नाही. मात्र काय, केव्हा आणि कोठे खायचे हे खाणारा स्वतः ठरवतो, असे त्यात गृहीत धरलेले असते. पिंपरी-चिंचवड ते चाकण या औद्योगिक पट्ट्याचा इतिहास पाहिला, तर हे गृहीतक टिकत नाही. येथील ताट कारखान्याच्या भोंग्याने, कायद्याने, रेशनच्या दुकानाने आणि घरातील स्त्रीच्या पहाटेच्या कष्टाने घडवले. हा धागा त्या ताटाच्या इतिहासाचा.

२/
प्रथम कारखान्यांपूर्वीचे ताट. पश्चिमेकडे मावळात भात, नाचणी आणि वरी. पूर्वेकडे खेड-शिरूरच्या बाजूला बाजरी आणि रब्बी ज्वारी. सोबत हुलगा, मटकी, तूर. बांधावरच्या रानभाज्या, अंबाडी, चिंच. दुभते असल्यास ताक. कागदावर हा आहार आजच्या कोणत्याही आहारतज्ज्ञास आवडेल असाच आहे. परंतु तो सर्वांच्या वाट्याला सारखा येत नव्हता. मावळचा सुवासिक आंबेमोहोर पिकवणाऱ्याच्या घरी रोज शिजत असे, असे नाही. तो बाजारात जाई. ताक ज्याच्या दावणीला जनावर त्याचे. भूमिहीन कुटुंबाचे ताट जातीच्या आणि हंगामाच्या हाती होते.

३/
आणि दर काही वर्षांनी दुष्काळ. १८७६-७८ च्या दुष्काळात दख्खनमध्ये सरकारी कामांवर आलेल्या मजुराला नेमके किती अन्न पुरेल, हा शासकीय वादाचा विषय झाला. सर रिचर्ड टेंपल यांनी पुरुष मजुरासाठी दिवसाला एक पौंड धान्य, म्हणजे सुमारे ४५० ग्रॅम, आणि वर एक आणा असे प्रमाण ठरवले. इतिहासात ते ‘टेंपल वेतन’ म्हणून कुप्रसिद्ध आहे. मुंबई इलाख्यातील हजारो मजुरांनी या वेतनावर काम करण्यास नकार दिला आणि छावण्या सोडल्या. पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू मांडली. कष्ट करणाऱ्या शरीराला किती अन्न लागते, हा प्रश्न या भूमीत तेव्हापासून राजकीय आहे.

४/
पिंपरीच्या कँटीनकडे जाण्यापूर्वी मुंबईच्या गिरणगावात थांबावे लागते. १९२१-२२ साली मुंबई सरकारच्या कामगार कार्यालयाने, जी. फिंडले शिरास यांच्या देखरेखीखाली, कामगार कुटुंबांच्या जमाखर्चाची पाहणी केली. तिचा अहवाल १९२३ मध्ये प्रसिद्ध झाला. कामगारांच्या वाट्याला येणाऱ्या धान्याची तुलना त्यात दोन सरकारी मापांशी केली होती: दुष्काळ संहितेतील शिधा आणि तुरुंगातील कैद्याचा शिधा.

५/
निष्कर्ष अस्वस्थ करणारा होता. मुंबईचा कामगार दुष्काळ संहितेने ठरवलेल्या कमाल प्रमाणाइतके धान्य खात होता. परंतु मुंबईच्या तुरुंग नियमावलीत कैद्यासाठी नेमलेल्या प्रमाणापेक्षा ते कमी होते. आशियातील एका मोठ्या औद्योगिक शहरातील स्वतंत्र कामगार अन्नाच्या बाबतीत बंदिवानाच्या खाली उभा होता. ही आकडेवारी कोणा आंदोलकाची नसून खुद्द सरकारची होती. त्यामुळे ती सहज फेटाळता येण्यासारखी नव्हती.

६/
याच काळात दक्षिणेत निलगिरीतील कुन्नूर येथे आहारशास्त्राची प्रयोगशाळा आकाराला येत होती. रॉबर्ट मॅकॅरिसन यांनी भारतातील वेगवेगळ्या समाजांचे आहार उंदरांना खाऊ घालून त्यांची वाढ मोजली. गहू, दूध, डाळ आणि भाज्यांचा शीख आहार पहिला आला. सडलेल्या तांदळावर आधारलेला मद्रासी आहार शेवटचा. मराठी प्रदेशाचा आहार वरच्या तिघांत होता. दूध आणि ताज्या भाज्यांचे महत्त्व सिद्ध करण्यात या प्रयोगांचा वाटा मोठा आहे.

७/
या प्रयोगांची दुसरी बाजूही लक्षात घ्यावी. ‘शिखांचा आहार’, ‘मराठ्यांचा आहार’ अशी नावे दिली, की आहार हा त्या समाजाचा स्वभावच वाटू लागतो. एकाच गावातील पाटलाचे ताट आणि महारवाड्यातील ताट यांतील अंतर अशा वर्गीकरणात दिसत नाही. शिरास यांच्या पाहणीत अन्नाचे नाते मजुरीशी होते, तर मॅकॅरिसन यांच्या प्रयोगात समाजाशी. पुढील शतकभर आहाराची चर्चा या दोन टोकांमध्येच फिरत राहिली. १९३७ साली त्याच कुन्नूरहून डब्ल्यू. आर. आयक्रॉइड यांनी भारतीय अन्नपदार्थांच्या पोषणमूल्यांची पुस्तिका काढली. ही संस्था पुढे हैदराबादला गेली; आजची राष्ट्रीय पोषण संस्था ती हीच.

८/
दुसऱ्या महायुद्धाने कारखान्यातील जेवणाला कायद्याचे रूप दिले. ब्रिटनमध्ये १९४० साली, अर्नेस्ट बेव्हिन कामगारमंत्री असताना, युद्धसाहित्य बनवणाऱ्या २५० हून अधिक कामगारांच्या कारखान्यांना कँटीन उघडण्याचा आदेश देण्याची तरतूद झाली. उपाशी कामगाराकडून उत्पादन वाढत नाही, हे युद्धकाळात सरकारला उमगले होते. भारतातही या वर्षांत कारखान्यांमध्ये चहाचे स्टॉल आणि उपाहारगृहे यांचा प्रसार झाला. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात कामगार खाते डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्याकडे होते आणि कामगार कल्याणाच्या अनेक तरतुदींची पायाभरणी याच काळातील आहे.

९/
स्वतंत्र भारताचा कारखाने अधिनियम १९४८ साली संमत झाला आणि १ एप्रिल १९४९ पासून लागू झाला. त्याच्या कलम ४६ मध्ये तोच आकडा आढळतो: २५० हून अधिक कामगार असलेल्या कारखान्यात कँटीन सक्तीचे करण्याचा अधिकार राज्य सरकारला मिळाला. कलम ५५ तितकेच महत्त्वाचे. सलग पाच तासांपेक्षा अधिक काम घेता येणार नाही; त्याआधी किमान अर्ध्या तासाची विश्रांती द्यावी लागेल. ‘वेळेवर जेवा’ हा आजचा सल्ला कामगाराच्या बाबतीत कायद्याचे कलम होऊन अवतरला.

१०/
कँटीनच्या नियमांत आणखी एक लक्षणीय गोष्ट होती. अन्न ना नफा तत्त्वावर विकायचे आणि कँटीनच्या व्यवस्थापन समितीत कामगारांचे निवडून दिलेले प्रतिनिधी घ्यायचे. पदार्थांचा दर्जा, प्रमाण, यादी आणि जेवणाच्या वेळा यांबाबत या समितीचा सल्ला घेणे अपेक्षित होते. कामगार काय खाणार, याविषयी त्याला औपचारिक मत मिळण्याचा हा प्रसंग दुष्काळी छावणीतील एका पौंडापासून फार दूरचा होता.

११/
आता पिंपरी. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांची छावणी येथे वसली आणि दाल-पकवान या परिसराचे झाले. १९५४ साली जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साहाय्याने हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सार्वजनिक क्षेत्रातील कारखाना पिंपरीत स्थापन झाला; पुढच्याच वर्षी पेनिसिलिनचे उत्पादन सुरू झाले. मुंबई-पुणे लोहमार्ग आणि महामार्ग जवळ, पवनेचे पाणी हाताशी. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि साठच्या दशकात आकुर्डीला बजाज, पिंपरीला टेल्को असे मोठे कारखाने उभे राहिले. १९७० मध्ये नगरपालिका, १९८२ मध्ये महानगरपालिका. एका पिढीत गावांचे शहर झाले.

१२/
या कारखान्यांत मराठवाडा, खानदेश, विदर्भ आणि पश्चिम महाराष्ट्रातून माणसे आली. शेतावर न्याहारी आणि भाकरीची वेळ सूर्य ठरवत असे. येथे ती भोंगा ठरवू लागला. आठवड्याला पाळी बदलली, की भुकेची वेळही बदलावी लागे. रात्रपाळीत मध्यरात्री जेवण आणि झोप लोटण्यासाठी चहा. रात्री उशिरा घेतलेल्या अन्नातील साखर शरीर दिवसाइतक्या सहजतेने हाताळू शकत नाही, हे आज विज्ञान सांगते. त्या काळच्या कामगाराला एवढेच कळत होते, की पाळी बदलल्यावर पित्त होते आणि भूक मरते.

१३/
मोठ्या कारखान्याचे कँटीन ही या जीवनातील खरी मिळकत होती. भात, पोळी, उसळ, भाजी, वरण. तेही सवलतीच्या दरात आणि गरम. कँटीनचा दर आणि दर्जा हे विषय कामगार संघटना आणि व्यवस्थापन यांच्या वाटाघाटींत येत राहिले. सामाजिक अर्थानेही हे ताट नवे होते. गावात ज्यांच्या पंक्ती वेगळ्या बसत, ते येथे एकाच रांगेत उभे राहून एकाच पातेल्यातले अन्न घेत. जात त्यामुळे संपली नाही. पण रोजच्या सहभोजनाची सवय कायद्याने उभारलेल्या एका खोलीत लागली, ही नोंद घेण्यासारखी बाब आहे.

१४/
मात्र प्रत्येक जेवण कँटीनमध्ये होत नव्हते. पहिल्या पाळीला जाणाऱ्याचा डबा भरायचा, तर घरातील स्त्री पहाटेच्या अंधारात उठे. एकट्या आलेल्या पुरुषांसाठी खानावळी होत्या आणि त्यांमागेही बहुधा स्त्रियांचेच श्रम होते. मुंबईत अशाच खानावळवाल्या स्त्रियांना एकत्र आणून प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले. पुण्यात १९७४ साली डॉ. बाबा आढाव यांच्या नेतृत्वाखालील हमाल पंचायतीने ‘कष्टाची भाकर’ हे केंद्र सुरू केले. अंगमेहनत करणाऱ्याला परवडणारे, सकस जेवण मिळावे, हा त्यामागील विचार.

१५/
‘भाकर’ हा शब्द येथे नीट पाहावा, कारण याच दशकांत भाकरी शहरी ताटातून मागे हटत होती. कारणे अनेक. अमेरिकेच्या पीएल-४८० कायद्याखाली १९५६ पासून गहू मोठ्या प्रमाणावर भारतात आला. रेशनच्या दुकानांतून मिळाले ते मुख्यतः गहू आणि तांदूळ. १९७२ च्या दुष्काळात अमेरिकेतून आलेली लाल ‘मिलो’ ज्वारी आणि दुष्काळी कामांवर वाटलेली सुकडी ही दोन नावे त्या पिढीच्या आजही स्मरणात आहेत. त्या मिलोने ज्वारीचे नाव संकटाशी जोडले. गव्हाची पोळी सणाची होती. पगार आल्यावर ती रोजची झाली आणि प्रतिष्ठेची खूण ठरली.

१६/
एक कारण मात्र अगदी व्यवहाराचे होते, आणि इतिहासलेखनात ते सहसा निसटते. ज्वारी-बाजरीचे पीठ जुने झाले, की त्याची विरी जाते आणि भाकरी थापता येत नाही. थापलेली भाकरी काही तासांत कडक होते. तेल लावलेली पोळी मात्र डब्यात दुपारपर्यंत मऊ राहते. शेतावर घरून ताजी भाकरी पोहोचत असे. कारखान्याच्या फाटकातून ती पोहोचणे शक्य नव्हते. भाकरीच्या पीछेहाटीत सरकारी धोरणाइतकाच डब्याचाही हात आहे.

१७/
धान्य बदलले, सोबत चहा-साखर वाढली, श्रम यंत्राने हलके झाले. याचा शरीरावर काय परिणाम झाला? योगायोग असा, की या प्रश्नावरील जगभर गाजलेले संशोधन याच परिसरात झाले. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतील गरोदर मातांचा आणि नंतर त्यांच्या मुलांचा अभ्यास चालवला. ‘पुणे मॅटर्नल न्यूट्रिशन स्टडी’ या नावाने तो ओळखला जातो.

१८/
त्यातील एक निष्कर्ष साधा आणि मोलाचा आहे. मातेने एकूण किती उष्मांक घेतले, यापेक्षा तिच्या आहारात पालेभाज्या, दूध आणि फळे किती वेळा होती, याचा बाळाच्या जन्मवेळच्या आकाराशी अधिक स्पष्ट संबंध दिसला. दुसरा निष्कर्ष धक्का देणारा होता. ही बाळे युरोपीय बाळांपेक्षा वजनाने लहान होती, तरी त्यांच्या शरीरात चरबीचे प्रमाण तुलनेने टिकून होते. ‘सडपातळ, तरीही चरबीयुक्त भारतीय’ ही संकल्पना येथून रूढ झाली. अशा शरीरावर पुढे मुबलक अन्न आणि बैठे काम आले, की मधुमेहाचा धोका वाढतो.

१९/
२००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये डॉ. याज्ञिक यांनी ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांच्यासह दोघांचे एक छायाचित्र प्रसिद्ध केले. उंची-वजनाचा निर्देशांक दोघांचाही २२.३; शरीरातील चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या चमूच्या दुसऱ्या अभ्यासात पुणे परिसरातील ४४१ पुरुषांपैकी ६७ टक्के लोकांमध्ये ब-१२ जीवनसत्त्व कमी आढळले आणि शहरी मध्यमवर्गात हे प्रमाण ८१ टक्के होते. पोट भरलेले असणे आणि पोषण झालेले असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे यातून पुरेसे स्पष्ट झाले.

२०/
१९२३ च्या अहवालाचा प्रश्न होता: धान्य पुरेसे आहे का? २००६ च्या अभ्यासाचा प्रश्न होता: धान्याखेरीज ताटात काय आहे? भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि राष्ट्रीय पोषण संस्था यांनी मे २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या १७ आहार मार्गदर्शक तत्त्वांचा रोखही तोच आहे. एकूण ऊर्जेपैकी ४५ टक्क्यांहून अधिक वाटा धान्याचा नसावा. भाज्या, फळे, डाळी, दूध वाढावे. मीठ, साखर, तेल आटोक्यात राहावे. सल्ला उत्तम आहे. तो अमलात आणण्याची मुभा कोणाला आहे, हे पाहण्यासाठी आता चाकणला जावे लागते.

२१/
इतिहासप्रेमींना चाकण आठवते ते १६६० साली शायिस्ताखानाविरुद्ध फिरंगोजी नरसाळ्यांनी लढवलेल्या संग्रामदुर्गासाठी. शेतकऱ्यांना कांद्याच्या बाजारासाठी. एकविसाव्या शतकात ते वाहन उद्योगाचे केंद्र झाले. २००७ मध्ये आकुर्डीतील बजाजचे वाहन उत्पादन थांबले. चाकणच्या बाजूला नवे कारखाने वाढत गेले. त्यांच्याभोवती सुट्या भागांच्या लहान-मोठ्या शेकडो कार्यशाळा आल्या आणि त्यांत कंत्राटी कामगारांची मोठी संख्या. उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशापासून मराठवाड्यापर्यंतचे तरुण एका खोलीत चार-सहा जण राहतात आणि बारा तासांच्या पाळीनंतर स्वयंपाक करतात.

२२/
२५० चा आकडा येथे अडसर ठरला. मोठ्या कारखान्याच्या फाटकाच्या आत सवलतीचे ताट होते. ज्या कार्यशाळेत साठ माणसे, तिच्या फाटकाबाहेर वडापावची गाडी. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यात ठेकेदाराकडे १०० कामगार असल्यास कँटीनची तरतूद होती. २०२० साली संसदेने संमत केलेल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहितेने ही मर्यादा १०० कामगारांवर आणली आणि त्यांत कंत्राटी कामगारही मोजले. नोव्हेंबर २०२५ पासून ही संहिता लागू झाली. शंभरच्या आतल्या कार्यशाळेतील तरुण मात्र आजही या तरतुदीच्या बाहेरच आहे.

२३/
शासनाने ताटाचे माप ठरवणे थांबवलेले नाही. १९९५ साली एक रुपयात झुणका-भाकर आली. २६ जानेवारी २०२० रोजी दहा रुपयांची शिवभोजन थाळी सुरू झाली: दोन चपात्या, एक भाजी, वरण आणि भात. त्याच वर्षीच्या टाळेबंदीत तिचा दर पाच रुपये झाला आणि कारखाने बंद पडलेल्या शहरांत तिच्यासमोर रांगा लागल्या. १८७७ च्या एक पौंड धान्याशेजारी ही थाळी ठेवली, तर अंतर दिसते: वरण आणि भाजी आली. दूध, ताक, फळ आणि भाकरी अजून बाहेरच आहेत.

२४/
२०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष साजरे झाले आणि ज्वारी-नाचणी ‘आरोग्यदायी’ म्हणून आकर्षक पिशव्यांतून परतली. ज्यांच्या आजोबांनी गव्हाच्या प्रतिष्ठेसाठी भाकरी सोडली, त्यांची नातवंडे आता तिच्यासाठी अधिक पैसे मोजतात. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात गहू-तांदळासोबत भरडधान्याचाही समावेश आहे. रेशनच्या दुकानात ज्वारी सातत्याने मिळाली आणि कँटीनच्या समितीने आठवड्यातून काही दिवस भाकरी मागितली, तर जे काम जाहिरातींना जमत नाही, ते सहज होईल.

२५/
म्हणून कामगाराच्या आहाराविषयी बोलताना त्याच्या इच्छाशक्तीच्या आधी चार गोष्टी विचाराव्यात. जेवणाची सुट्टी खरोखर अर्धा तास मिळते का? कँटीन आहे का, आणि त्याच्या समितीत कामगार बसतो का? रेशनवर कोणते धान्य येते? घरी स्वयंपाक कोण करते, आणि त्या व्यक्तीच्या ताटात शेवटी काय उरते? केईएमच्या अभ्यासातील माता आठवल्या, की या शेवटच्या प्रश्नाचे वजन कळते.

२६/
या इतिहासाची साधने दप्तरखान्यात कमी आणि घरांत अधिक आहेत. पगारपत्रकावरील कँटीनची कपात, जुने रेशनकार्ड, संघटनेच्या करारपत्रातील कँटीनचे कलम, खानावळीची महिन्याची वही, ॲल्युमिनियमचा तीन पुडांचा डबा. ज्यांच्या घरी निवृत्त कामगार आहेत, त्यांनी मिलो ज्वारीची चव कशी होती आणि पहिल्या पाळीचा डबा किती वाजता भरला जाई, हे विचारून लिहून ठेवावे. डबा घेऊन जाणाऱ्याला विचारावे, आणि तो भरणारीलाही. धागा समाप्त.